घोंगडी खाली, जॅकेट नंतर

आजोबांच्या शिकारीच्या ट्रंकेत कंदील, काडतुसांचा पट्टा, तीन सेलची बॅटरी आणि घोंगडी असे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार सुटली, पट्टा खुंटीला लागला; घोंगडी मात्र अजून माझ्या सॅकवर बसून हरिश्चंद्रगड चढते. डिसेंबरात 1,424 मीटरवर थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून लागते, कारण जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून महागड्या जॅकेटाआधी अंथरायचं बघा. (जॅकेट फोटोत छान दिसतं, ते वेगळं.) तंबूची झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ पहाटे थेंबाथेंबाने तोंडावर टपकते. कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत. काडेपेटी? ती यंदाही घरीच राहिली. गडावरच्या झापातल्या मावशींनी निखारा दिला, वर दोन शिव्याही.