आभाळ आलं की धावायचं बाईनं

फाल्गुन महिना आमच्याकडे मोठा लहरी. पहाटे गोधडी सोडवत नाही, दुपारी अंगणात पाय ठरत नाही, आणि संध्याकाळी मावळतीला काळं दिसायला लागलं की हट्ट्यात घराघरांतून एकच हाक येते, "अगं, आभाळ आलंय, हळद झाका!" हाक बहुतेक वेळा पुरुषाची असते. धावतात त्या बाया.

हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं गाव. सगळा पट्टा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुकही झालं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी बचत गटांच्या कामासाठी या भागात आले. गेली सहा वर्षं हट्ट्यात एका शेतकरी कुटुंबाकडे भाड्यानं राहते. घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणते. त्यामुळे पुढे लिहिते आहे ते ऐकीव नाही, रोज डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

हळद काढायला आली की पाला कापायचा, रान उकरायचं आणि मग सुरू होते वेचणी. ती बायांची. वाकून वाकून कंद गोळा करायचे, माती झाडायची, जेठे गड्डे नि हळकुंडं वेगळी करायची. त्यानंतर हळद शिजवतात आणि दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात. शिजलेली हळद वाळताना भिजली की रंग जातो, बुरशी धरते, भाव पडतो. म्हणजे वर्षाची कमाई उघड्या आभाळाखाली पसरलेली असते, आणि ते आभाळ नेमकं याच दिवसांत बेभरवशाचं.

गेल्या फाल्गुनातली एक रात्र सांगते. दोनच्या सुमारास गडगडलं. मावशी, त्यांची सून आणि दहावीतली लेक अशा तिघी उठल्या. लेकीचा दुसऱ्या दिवशी पेपर होता. थोरला मुलगा गव्हाला पाणी द्यायला शेतात गेलेला, कारण वीज रात्रीची. त्याच्या कष्टाबद्दल माझी तक्रार नाही. पण कॉलेजात जाणारा धाकटा खाटेवर उठून बसला आणि तिथूनच म्हणाला, "आई, कोपरा नीट दाबा." तिघींनी हळद ओढली, ढीग केले, ताडपत्र्या टाकल्या, कडेनं दगड ठेवले. पाऊस आला तो जेमतेम शिंतडण्यापुरता. सकाळी लख्ख ऊन! पुन्हा ताडपत्र्या काढा, पुन्हा पसरा. तुराट्या ओल्या झाल्या म्हणून चूल पेटेना. सिलिंडर आहे, पण तो पुरवून पुरवून वापरायचा. रात्रीच्या गारठ्यानं नातीला खोकला झाला. सून तिला कडेवर घेऊन भाकरी थापत होती. लेक न झोपता पेपरला गेली.

दुपारी मी मावशींना विचारलं, "रात्रीचं हे काम तुम्ही कशात धरता?"

त्या हसल्या. "त्याला काय काम म्हणायचं ताई? आभाळ आलं व्हतं, झाकलं."

मैत्रिणींनो, माझं म्हणणं या एका वाक्याबद्दल आहे. पाऊस पडून पीक गेलं तर ते नुकसान. बाईनं रात्रभर राबून पीक वाचवलं तर ते काहीच नाही. ते कामही नाही, आणि ज्याची नोंद करावी असं काही घडलंही नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात गारपीट झाली. गहू, हरभरा, ज्वारी, फळबागा झोपल्या. २०२३ च्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला तेव्हा राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता, आणि पंचनामे रखडले म्हणून बरीच ओरड झाली. ती योग्यच होती. पण पंचनामा वेळेवर झाला तरी त्यात काय लिहितात? खातेदाराचं नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसान किती टक्के. २०१५ पासून ३३ टक्क्यांवर नुकसान असलं की मदत मिळते, आधी ही अट ५० टक्क्यांची होती. मदत जाते खातेदाराच्या खात्यात, आणि खातेदार बहुतेक घरांत पुरुष असतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रिया होत्या सुमारे १४ टक्के. वेचणीला वाकलेल्या बायांची रांग बघा, मग हा आकडा पुन्हा वाचा. शिवाय दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणाऱ्या भूमिहीन बाईचे पावसानं पाच दिवस बुडाले तर तिच्यासाठी या नमुन्यात रकानाच नाही.

आमच्या गटातली एक बाई शेजारच्या गावची. नवरा वारला तेव्हा दोन लेकरं लहान. जमीन वडिलोपार्जित, सातबारा सासऱ्याच्या नावावर. वाट्याला आलेलं रान आठ वर्षं ती कसते आहे. गारांनी तिचा हरभरा गेला. पंचनाम्याला आलेल्या माणसाला बांधापर्यंत तिनंच नेलं, घाटे हातात घेऊन दाखवले. मदत आली सासऱ्याच्या खात्यात आणि दिराच्या हातात पडली. ती मागायला गेली तर उत्तर मिळालं, "तुझं नाव कुठंय?"

नवऱ्याचा त्या जमिनीतला वाटा कायद्यानं तिचा, लेकरांचा आणि सासूचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला वारस मानलं आहे. पण कायद्यातला वाटा आणि फेरफारातली नोंद यांच्यात घर, गाव, नातीगोती उभी असतात. "वाटणी मागते, घर फोडते" हे ऐकायची ताकद प्रत्येकीत कुठून यावी?

यावर एक बोलणं हमखास ऐकू येतं. बैठकीत एका काकांनी ते सरळ मांडलं, "घरात पैसा एकच असतो, कुणाच्या का खात्यात येईना!" मी म्हटलं, "काका, मग काकूंच्या खात्यात येऊ द्या." सगळे हसले, काकाही हसले. पण हो कुणी म्हणालं नाही. फरक पडत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनाच तो बदलायला जड का जावं?

ही मागणी आजची नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. पुढे शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि अनेक गावांतल्या पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष ठरवलं. वर्षं येतात नि जातात. बांधावर मात्र अजून विचारलं जातं, तुझं नाव कुठंय?

मला वाटतं, आपण तीन गोष्टी लावून धरल्या पाहिजेत. पंचनाम्यात खातेदाराबरोबर प्रत्यक्ष कसणारीचंही नाव लिहिलं जावं. गेलेल्या मजुरीची नोंद व्हावी. आणि ज्या घरात पुरुष वारला त्या घरची वारस नोंद गटातल्या बायांनी सोबत जाऊन करून घ्यावी, एकटीला पाठवू नये. हट्ट्याच्या गटात आम्ही या तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात केली आहे. ती हरभऱ्याची बाई तलाठ्याकडे अर्ज द्यायला गेली तेव्हा आम्ही सातजणी बरोबर होतो. नोंद अजून झालेली नाही. दीर बोलत नाही. सासू मात्र एका संध्याकाळी गुपचूप येऊन विचारून गेली, "माझंबी नाव लागतंय का त्यात?"

आणि चौथी गोष्ट घरातली आहे, तिला सरकार लागत नाही. रात्री गडगडलं की खाटेवरच्यानं खाली उतरावं आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरावं.

तुमच्या गावात आभाळ आलं की कोण धावतं? बघा, आणि आम्हाला कळवा.