धुराचा मालक कोण?

मीटिंगात पोरं माझ्यावर उखडली. म्हणाली, बावीस प्रतिज्ञा घेतलेला तू, अन् दारूवर लिहितोस?

हो, लिहितो. मी घोटही घेत नाही. दारूनं आमच्या चाळीचं काय केलंय ते मला शिकवू नका. पण दोस्तांनो, कोण पितो एवढंच विचारायचं? गाळतो कोण, नावावर बसतो कोण, हे नाय विचारायचं?

लोअर परळला गिरण्यांच्या जागेत बार झाले. तिथं ग्लास धुणाऱ्या दोस्तानं मला एक पेय सांगितलं, वाहाका ओल्ड फॅशन्ड. फिल वॉर्ड नावाच्या बारवाल्यानं २००७ साली न्यूयॉर्कात काढलं. ४५ मिली टकीला, १५ मिली मेझ्काल, चमचाभर अगेव्हचा पाक, दोन थेंब कडू अर्क. बर्फावर ढवळायचं, घुसळायचं नाही. घुसळलं की हवा शिरते, पेय गढूळ होतं. वर संत्र्याची साल जाळून तिचं तेल. बाबू लोक हुंगून म्हणतात, काय धूर आहे!

धूर काय आभाळातून पडला? मेक्सिकोत वाहाकाच्या खेड्यांत जमिनीत खड्डा खणतात, दगड तापवतात, अगेव्हचे गड्डे टाकून वर माती लोटतात. दिवसच्या दिवस ते आत भाजतात. मग घोड्यानं ओढलेल्या दगडी चाकाखाली चिरडतात, आंबवतात, गाळतात. एस्पादीन जातीचं झाड तयार व्हायला सहा-आठ वर्षं. म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचंच भावकीतलं झाड. त्याचा वाख काढून मांगवाड्यानं पिढ्यान्‌पिढ्या दोर वळले. विहिरीवर दोर आमचा, पाणी त्यांचं. मला ते खड्डे परके वाटत नाहीत, ते यासाठी.

१७८५ साली स्पेनच्या राजानं ही दारू बंद केली. स्वतःच्या देशातली दारू खपवायची होती. इथं इंग्रजानं १८९२ साली ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं वेचण्यावरच कायदा लावला. झाड आदिवासीचं, फूल आदिवासीचं, गुन्हाही आदिवासीचाच. अन् गोऱ्याची बाटली दुकानात कायदेशीर.

बंदी उठली तर उजाडलं म्हणाल. नाय. १९९४ साली मेक्सिकोत 'मेझ्काल' हे नाव सरकारी शिक्क्याखाली गेलं. ज्यानं परीक्षेचा, कागदाचा खर्च केला नाही, त्यानं आजा-पणजापासून गाळली तरी बाटलीवर ते नाव लिहायचं नाही. 'अगेव्हचा अर्क' लिहायचं. काही बाटल्यांवर गाळणाऱ्याचं नाव-गाव छापतात, हे खरं. पण त्या नावाचाही जादा भाव लावतात, तो त्याच्या हातात किती पडतो ते त्याला विचारा.

हात आपला अन् नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला नवं हाय का? आमच्या खात्यात सूत मी काढतो, तागा कोणाच्या नावानं विकला जातो?

म्हणून मीटिंगातल्या पोरांनो, दारूबंदीचा ठराव करा, मी पहिला हात वर करीन. पण त्याच कागदावर दुसरी ओळ लिहा : मोह वेचणाऱ्या बाईवर केस नको. ती ओळ खोडणार असाल तर माझी सही मागू नका.