गिलावा मारायची एवढी घाई कशाला?



आज पिकाचं नाही, घराच्या भिंतीचं लिहितोय. पण दुखणं शेतकऱ्याचंच आहे.

आमच्या पालीला बिंदुसरेचं धरण. पाइपलाइन टाकण्यात आपलं अर्धं आयुष्य गेलं. रानात पाइप टाकला की आधी पाणी सोडतो, जॉइंट बघतो, मगच चर बुजवतो. न बघता चर बुजवणाऱ्याला गाव येड्यात काढतं. अन् तोच शेतकरी घर बांधताना भिंतीत पाइप गाडतो अन् दुसऱ्या दिवशी गिलावा मारून मोकळा होतो!

मीबी तेच केलं. न्हाणीच्या भिंतीतला एक जॉइंट कच्चा राहिला. पलीकडं ज्वारीची थप्पी. ओल दिसली तवर खालची पाच पोती बुरसली. पुढं त्याच भिंतीतल्या बोर्डाला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. घरात लहान लेकरं. शेवटी नवी भिंत फोडली. मिस्तरी म्हणला, "वीस वर्षं असंच करतोय." चूक त्याची, तेवढीच माझी. मी बघायला उभाच नव्हतो.

पंतप्रधान आवासच्या घरकुलाला सरकारी पैसे मिळतात. टप्प्याटप्प्याला फोटो काढून हप्ता पडतो. पण फोटोत भिंत दिसते, भिंतीच्या पोटातलं दिसत नाही. गिलाव्याआधीचाबी एक फोटो घ्या, असं माझं सरळ म्हणणं आहे.

तोवर आपण एवढं करा:

१. नळाच्या तोंडांना बूच लावा, टेस्टिंग पंपानं दाब द्या अन् रातभर ठेवा. सकाळी काटा खाली आला तर कुठंतरी गळतंय.

२. लाइटीच्या नळीतून तार ओढून बघा. चेपलेली नळी आत्ताच बदला. प्रत्येक बोर्डाला अर्थिंगची हिरवी वायर पाहिजेच. जोड भिंतीत नको, बॉक्समध्येच. मेनला ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवा, तो करंट गळाला की लाइट तोडतो.

३. भिंतीला टेप धरून मोबाइलवर फोटो काढा. उद्या खिळा ठोकताना कामाला येतील.

कुणी म्हणंल, दोन दिवसांची मजुरी अंगावर येते. येते, कबूल. पण भिंत फोडायची, परत गिलावा, परत रंग, हा हिशोबबी मांडा. अन् करंटनं माणूस गेला तर कुठला हिशोब मांडणार?

चर बुजवण्याआधी बघता ना? मग भिंतबी बघा.