सहल एका घराण्याची : राजमाचीपासून कुलाब्यापर्यंत



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचा विषय निघतो. पालकसभेत बहुतेकांचा कौल पाण्याच्या घसरगुंड्यांकडे असतो. ते नको म्हटलं तर एका दिवसात चार ठिकाणं ठरतात. किल्ल्यावर अर्धा तास, घोषणा, फोटो, चिवडा-लाडू आणि परत गाडीत. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं असं की, सहल एखाद्या घराण्याच्या मागावर काढावी. ते कुठे राहिलं, कुठे लढलं, कुठे भांडलं, कुठे संपलं, ते क्रमाने बघावं. आपल्या रायगड जिल्ह्यात यासाठी आंग्र्यांइतकं सोयीचं घराणं दुसरं नाही.

सुरुवात आपल्या अंगणातूनच होते. कर्जतहून दिसणारा राजमाची मुलांना माहीत असतो तो ट्रेकवाल्यांचा म्हणून. श्रीवर्धन आणि मनरंजन ही त्याच्या दोन बालेकिल्ल्यांची नावंसुद्धा बऱ्याच जणांना येत नाहीत. १७१३ साली कान्होजी आंग्र्यांनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं. मग बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले, लोणावळ्याजवळ वळवणला तह झाला. राजमाची आंग्र्यांकडे आला तो याच घडामोडीत. समुद्रावरच्या सरखेलाला डोंगरातला किल्ला कशाला हवा, हा प्रश्न मी वर्गात विचारते. खालापूरची मुलं थोड्या वेळाने बरोबर उत्तर देतात, कारण बोरघाट त्यांनी पाहिलेला असतो. घाटावरचा माल याच वाटेने उतरायचा. आपली पाताळगंगासुद्धा इथून निघून धरमतरच्या खाडीलाच मिळते. ज्याच्या हातात घाट आणि खाडी दोन्ही, त्याच्या हातात व्यापार. लहान मुलांना वर चढवायची गरज नाही. कर्जतच्या बाजूने खालून दाखवला तरी चालतो.

पुढे पेणमार्गे अलिबाग. गावात कान्होजींची समाधी आहे, ते १७२९ साली वारले. किनाऱ्याजवळ त्यांनी बांधलेला हिराकोट आहे, पुढे त्याचा तुरुंग झाला. आणि समोर पाण्यात कुलाबा. हा किल्ला मुळात शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, आंग्र्यांनी त्याला राजधानी केलं. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, गोडं पाणी आहे आणि वाड्याचे पडके अवशेष आहेत. बहुतेक सहली मंदिरात पाया पडून तोफांकडे पळतात. गाड्यावर बसवलेल्या त्या दोन तोफांवर इंग्रजीत १८४९ असं साल आहे. मुलांना ते वाचायला लावा. आंग्र्यांचं राज्य कंपनी सरकारने १८४० मध्येच खालसा केलं होतं. म्हणजे ज्या तोफेवर हात ठेवून आपण ‘आंग्र्यांची तोफ’ म्हणून फोटो काढतो, ती त्यांची नाहीच! चौथीच्या मुलाला ही वजाबाकी येते.

खरा मतभेद पुढे आहे. कान्होजींच्या मुलांची भांडणं सांगायची की नाही? सेखोजी १७३३ मध्ये गेले, आणि संभाजी व मानाजी या भावांचं पटेना. १७३५ साली पेशव्यांनी मध्ये पडून वाटणी केली. कुलाबा मानाजींकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजींकडे. त्यांच्यामागून आलेल्या तुळाजींच्या विरोधात पेशवे आणि इंग्रज एक झाले, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. मराठ्यांच्या आरमाराचा कणाच तिथे मोडला. आमच्यातले काही जण म्हणतात, बाई, एवढ्या लहान वयात हे कशाला? आदर कमी होतो. मला तसं वाटत नाही. आमच्या वर्गात निम्म्या घरांत जमिनीच्या वाटणीवरून चुलते एकमेकांशी बोलत नाहीत. भाऊबंदकी मुलांना शिकवावी लागत नाही. शूर माणसांच्या घरातही हे झालं आणि त्याचा फायदा तिसऱ्याने घेतला, हे त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. नुसता जयजयकार शिकवला, तर एवढं आरमार गेलं कुठे या प्रश्नाला आपल्याकडे उत्तरच उरत नाही.

दुसरी गोष्ट ठाकूरवाडी-कातकरवाडीतल्या मुलांची. वाड्याच्या चौथऱ्यांसमोर एका मुलीने मला विचारलं, “बाई, एवढ्या माणसांच्या भाकऱ्या कोण थापायचं?” हसू नका, फार मोठा प्रश्न आहे हा. गुराबा आणि गलबतं वल्हवणारे कोळी-भंडारी, दगड वाहणारे, पाणी भरणारे यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. घराण्याची सहल काढायची तर त्या घराचं स्वयंपाकघरही सहलीत आलं पाहिजे, नाहीतर वर्गातली अर्धी मुलं पाहुण्यासारखी उभी राहतात. परत आल्यावर मी मुलांना वाड्याचं चित्र काढायला सांगते आणि त्यात राजा सोडून किमान दहा माणसं दाखवायला सांगते. शाळेचं जुनं जनरल रजिस्टरही दाखवते. त्यात ‘जि. कुलाबा’ लिहिलेलं असतं, कारण १९८१ पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नाव तेच होतं. आपला आजोबा आणि तो पाण्यातला किल्ला एका ओळीत आलेले पाहून मुलं रजिस्टर सोडत नाहीत.

आता वेळेचं. कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं, म्हणून तारीख सुट्टी बघून नव्हे, तिथी बघून ठरवा. कोकणातला हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास. हे गणित मुलांकडूनच करून घ्या, अपूर्णांकाचा पाठ होऊन जातो. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण भांगाचं पाणी असल्याने समुद्र फारसा मागे हटत नाही. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना किंवा कोळीबांधवांना विचाराच. किल्ल्यातून परतायची वेळ आधी ठरवून शिट्टी एका शिक्षकाकडे द्या, आणि मुलं मोजूनच वाळूत उतरवा.