गेममधलं शहर कुणाच्या नजरेचं?

एखादी गेम किती 'रिअल' आहे यावर पोरं तासन् तास बोलू शकतात. ग्राफिक्स कार्ड कुठलं, फ्रेम रेट किती, डबक्यातलं प्रतिबिंब हलतं का, गोळी लागल्यावर भिंतीचं प्लास्टर कसं उडतं. मीही त्यात हिरिरीने बोलतो. पण ती भिंत ज्या शहरात आहे, तिथल्या रहिवाशाला ते शहर आपलं म्हणून ओळखू येईल का, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते वास्तवतेची खरी परीक्षा तिथेच होते आणि मुस्लिम शहरांच्या बाबतीत बऱ्याच मोठ्या गेम तिथे नापास होतात.

२००९ची 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' घ्या. तिच्यात कराची नावाचा मल्टिप्लेअर मॅप आहे आणि त्यातल्या पाट्या अरबीत आहेत. कराचीतला दुकानदार पाटी लावतो उर्दूत, नाहीतर इंग्रजीत. उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलेल्या पोरालाही हे चटकन कळेल. नस्तालीकचा तो तिरका उतार नाही, टे नाही, डाल नाही. याच गेममध्ये रिओच्या झोपडपट्टीचा एक मॅप होता. तिथल्या एका न्हाणीघरात टांगलेल्या तसबिरीच्या चौकटीवर चक्क हदीस लिहिलेली होती, अल्लाहच्या नावासकट. २०१२मध्ये तक्रारी झाल्या, मॅप काढून घेतला आणि दुरुस्त केला गेला. कुणी मुद्दाम खोडसाळपणा केला असेल असं मला वाटत नाही. चौकट रंगवणाऱ्याला ती अक्षरं नक्षी वाटली, एवढंच. वातावरण उभं करायला 'तिकडचं काहीतरी' हवं होतं आणि ते वाचून पाहण्याची गरज कुणाला भासली नाही.

२००७च्या 'मॉडर्न वॉरफेअर'मध्ये तर मध्यपूर्वेतल्या त्या देशाला नावच नाही. अशा शहरांत भाजीवाला नसतो, शाळा सुटत नाही, गच्चीवर कपडे वाळत असले तरी ते धुणारी बाई दिसत नाही. अजान ऐकू येते ती 'आता सावध व्हा' एवढंच सांगायला. नमाजला निघालेला माणूस त्या अजानच्या मागे नसतो.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, 'अरे, गेम आहे, मजा घे.' घेतोच की. पण निर्माते स्वतःच वास्तवतेचा दावा करतात, तेव्हा प्रश्न विचारावाच लागतो.

२००४च्या फल्लुजाच्या लढाईवर 'सिक्स डेज इन फल्लुजा' नावाची गेम आहे. २००९मध्ये ती जाहीर झाली आणि गदारोळानंतर प्रकाशकाने अंग काढून घेतलं. २०२१मध्ये ती पुन्हा पुढे आली, तेव्हा अमेरिकेतल्या मुस्लिम नागरी हक्क संघटनेने मोठ्या कंपन्यांना ती विकू नका असं आवाहन केलं. तरीही २०२३मध्ये ती अर्ली ॲक्सेसमध्ये विक्रीला आली. तिचं तांत्रिक वैशिष्ट्य असं की, दर वेळी खेळताना घरांची आतली रचना बदलते. दाराआड काय आहे हे सैनिकाला माहीत नसायचं, तसंच खेळणाऱ्यालाही माहीत नसावं, म्हणून ही योजना. सैनिकाच्या बाजूने पाहिलं तर हे वास्तवच आहे, आणि तंत्र म्हणून हुशारीचंही. पण ते घर कुणाचं तरी होतं. लाइट गेली तरी माठ कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्या घरातल्या लेकराला अंधारात कळत होतं. ज्या घराच्या भिंती दर वेळी नव्याने मांडल्या जातात, ते फक्त बाहेरून बंदूक घेऊन आलेल्यासाठी खरं असतं.

उलट उदाहरण जुनं आहे. १९९९ची जपानी 'शेनमू'. ग्राफिक्स आज पाहिले तर हसू येईल. योकोसुका शहरातल्या मोजक्या गल्ल्या आणि काळ १९८६चा. पण दुकानं आपल्या वेळेला उघडतात, संध्याकाळी शटर पडतं, माणसं घरी जातात. त्या हिवाळ्यातल्या हवामानाच्या खऱ्या नोंदी घेऊन तिथलं हवामान बसवलं होतं. खेळणाऱ्यावाचून त्या गल्लीचं काही अडत नाही. म्हणूनच ती खरी वाटते.

'अ‍ॅसॅसिन्स क्रीड मिराज' (२०२३) मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. नवव्या शतकातलं बगदाद. खलिफा अल-मन्सूरने ७६२मध्ये वसवायला घेतलेल्या त्या गोल शहराचं आज जमिनीवर काहीच शिल्लक नाही. तरी निर्मात्यांनी इतिहासकारांना विचारलं, अरबी संवाद पूर्ण रेकॉर्ड केले, कर्खचा बाजार उभा केला. बगदाद म्हटलं की बॉम्ब आणि धूर एवढंच पाहिलेल्या आपल्या पिढीला बायतुल हिकमाच्या आवारात फिरता आलं, हे काही थोडं नाही. पण एका हमालाच्या मागे बराच वेळ चालून पाहा. त्याला घर नाही. नजरेआड झाला की तो संपला, कारण गर्दीची माणसं मशीन गरजेपुरतीच घडवतं आणि पुसून टाकतं. शहर सुंदर आहे, तिथे वस्ती मात्र अजून व्हायची आहे.

ती वस्ती कोण करणार? गोडोट आणि ब्लेंडर फुकट मिळतात, आपल्यातली कितीतरी पोरं ती शिकतायत. पण पहिला प्रोजेक्ट म्हणून बनवतात काय, तर वाळूचं गाव, पडक्या भिंती, हातात रायफल. म्हणजे दुसऱ्याने आपल्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच नजर आपण घासून-पुसून वापरतो. मला हे फार खटकतं.

मालेगाव करून पाहा ना. ज्या गावातल्या लोकांनी हँडीकॅम घेऊन स्वतःचा 'शोले' आणि 'सुपरमॅन' काढला, त्या गावाचा गेम का होऊ नये? सुरुवात इमारतींपासून करू नका, आवाजापासून करा. यंत्रमागांचा खडखडाट गल्लीगणिक कमी-जास्त होतो, बंद दाराआडूनही येतो. सुताने लादलेली हातगाडी अरुंद बोळात शिरली की समोरच्याला मागे सरावं लागतं. हा तुमचा पहिला अडथळा, आणि त्याला बंदूक लागत नाही. जुम्म्याला माग बंद. सहा दिवसांचा आवाज थांबतो, कामगार नाहून-धुऊन बाहेर पडतात, दुपारनंतर थिएटरबाहेर गर्दी होते. नकाशा तोच, इमारती त्याच, पण शहर दुसरंच.

आणि मधल्या एखाद्या वारी वीज जाते. सगळे माग एकदम थांबतात. मग इतका वेळ दबलेले आवाज वर येतात, कुकरची शिट्टी, कुणाचं तरी भांडण, मदरशातली पोरं. माणसं ओट्यावर येऊन बसतात. चहा सांगितला जातो. तेवढ्यात वीज येते आणि अर्धा कप तसाच ठेवून एकेक जण आत जातो.