घरी कोण असतं? हा प्रश्न केस पेपरवर का नाही?

हार्ट अटॅकचा पेशंट घरी निघतो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर सगळे लिहिलेले असते. रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, मीठ कमी, तंबाखू बंद, रोज चालणे. आम्ही डॉक्टर साखर विचारतो, बीपी विचारतो, दिवसाला विड्या किती हेही विचारतो. पण रात्री दोन वाजता छातीत दुखले तर कोणाला उठवाल, हे आम्ही विचारत नाही. ही आमची चूक आहे आणि ती किरकोळ नाही.

हा मुद्दा काढला की ठरलेले उत्तर मिळते, ‘डॉक्टर, एकटेपणा हे परदेशातले दुखणे. आपल्याकडे घर भरलेले असते.’

हे खरे आहे का? आयसीयूच्या बाहेर पहिले चार दिवस बारा नातेवाईक उभे असतात. शहाळी येतात, सफरचंदे येतात. तिसऱ्या आठवड्यात त्यातले किती जण फिरकतात? मुलगा रात्री नऊला घरी येतो, सून नोकरीवर, नातू मोबाइलमध्ये. माणसे आहेत, पण ‘मला पुन्हा अटॅक येईल अशी भीती वाटते’ हे ऐकायला कोणी नाही. घरातल्या बाईचे तर याहून वाईट. ती सगळ्यांना आधार देते. तिच्या छातीतल्या दुखण्याला मात्र अ‍ॅसिडिटी म्हणतात, आणि अँजिओप्लास्टीनंतर आठवड्याच्या आत ती पुन्हा ओट्यापाशी उभी असते. गर्दी म्हणजे आधार नव्हे.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये रोझेटो नावाचे इटालियन लोकांचे गाव आहे. तिथले पुरुष स्लेटच्या खाणीत काम करत, धूम्रपान करत, चरबीत केलेले जेवण जेवत. तरी 1950 च्या दशकात तिथे हृदयविकाराने होणारे मृत्यू शेजारच्या बँगोर गावापेक्षा बरेच कमी होते. एका घरात तीन पिढ्या राहत आणि शेजारपाजार घट्ट होता. पुढे ही वीण सैल झाली आणि रोझेटोचे आकडे शेजारच्या गावासारखे झाले. एका लहान गावावरून निष्कर्ष काढू नये, हा आक्षेप योग्यच आहे. म्हणून मोठे अभ्यास पाहा. अटॅकमधून वाचलेल्या 2,320 पुरुषांच्या 1984 मधील अभ्यासात, ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त आणि माणसांचा संपर्क कमी होता, त्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या चौपटीहून अधिक निघाला. 2016 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. एकटे पडलेल्या लोकांत हृदयविकाराचा धोका सुमारे 29 टक्क्यांनी जास्त आढळला.

कारणे समजायला अवघड नाहीत. सततच्या ताणाने शरीरातली ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात, रक्तदाब चढतो, झोप बिघडते. आणि साधी गोष्ट म्हणजे एकट्या माणसाच्या गोळ्या चुकतात, आणि दुखू लागल्यावर तो ‘सकाळी बघू’ म्हणत बसतो. अटॅकमध्ये तेच तास मोलाचे असतात.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही वकिली होईल. 2003 साली सुमारे अडीच हजार पेशंटवरील एका मोठ्या चाचणीत, नैराश्य असलेल्या किंवा आधार कमी असलेल्यांना समुपदेशन दिले गेले. त्यांचे मन थोडे सावरले, पण मृत्यू किंवा दुसरा अटॅक कमी झाला नाही. म्हणजे माणसाची सोबत ही गोळीसारखी लिहून देता येत नाही. सोबत मिळाली म्हणून स्टॅटिन बंद करणे हा तर शुद्ध वेडेपणा होईल. पण म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, हे मला मान्य नाही. मूत्रपिंड अशक्त असेल तर आम्ही औषधाचा डोस बदलतो. मग पेशंट एकटा असेल तर फोन करून चौकशी, लवकरची फेरतपासणी, गोळ्यांची सोपी मांडणी का करू नये? त्याला खर्च किती येतो?

तोपर्यंत तुम्हीच हे करा. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन उत्तरे लिहा. रात्री कोणाला उठवणार? गोळ्या संपल्या तर कोण आणणार? मनातली भीती कोणाला सांगणार? नातेवाईकच हवा असे नाही. शेजारी चालेल, सकाळी बरोबर चालणारा मित्र चालेल. पहिल्या ओळीच्या शेजारी 108 हा रुग्णवाहिकेचा नंबरही लिहून ठेवा. एखादी ओळ कोरी राहिली तर पुढच्या वेळी ते कार्ड डॉक्टरांसमोर ठेवा आणि ती ओळ दाखवा.

आणि पेशंटला भेटायला जाणाऱ्यांनो, पहिल्या दिवशी शहाळे घेऊन गर्दी करू नका. तिसऱ्या महिन्यात रिकाम्या हाताने जा आणि तासभर बसा.