‘दुय्यम’ विद्वानाने मोजलेली पृथ्वी

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात एका विद्वानाला ‘बीटा’ म्हणत. बीटा हे ग्रीक वर्णमालेतले दुसरे अक्षर. म्हणजे हा सगळ्या विषयांत शिरतो, पण पहिला कशातच नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनिस तो हाच. त्याच्यावर तीन आक्षेप आजही घेतले जातात: तो दुय्यम होता, त्याचे उत्तर योगायोगाने जुळले, आणि त्याच्या कामाचा जगाला उपयोग झाला नाही. तिन्ही आक्षेप तपासून पाहावेत. एकही टिकत नाही.

पहिला आक्षेप दुय्यमपणाचा. आजच्या लिबियातल्या सायरीन नगरात इसवी सनापूर्वी २७६च्या सुमारास तो जन्मला, अथेन्समध्ये शिकला. तिसऱ्या टॉलेमी राजाने त्याला अलेक्झांड्रियाला बोलावले आणि तेथील विख्यात ग्रंथालयाची धुरा त्याच्याकडे आली. त्याने मूळ संख्या शोधण्याची ‘चाळणी’ दिली: दोनच्या पटीतल्या पुढच्या संख्या खोडा, मग तीनच्या, मग पाचच्या, खोडल्यावाचून उरतील त्या मूळ संख्या. संगणकशास्त्राचे विद्यार्थी ही रीत अजून शिकतात. त्याने ट्रॉयच्या पाडावापासूनच्या घटनांना सलग कालक्रम लावला, तीन भागांचा भूगोलग्रंथ लिहिला, ग्रीक सुखात्मिकांवर टीकाग्रंथ लिहिला. आणि आर्किमिडीजने आपल्या शोधांमागची गुपित वाटावी अशी पद्धत उलगडून सांगणारा ग्रंथ लिहिला, तो धाडला याच माणसाला. १९०६मध्ये इस्तंबूलला एका प्रार्थनापोथीतल्या अक्षरांखाली, खोडलेल्या मजकुरात तो ग्रंथ सापडला. आर्किमिडीजने आपले सर्वोत्तम काम पारखायला दिले, त्या माणसाला दुय्यम म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

मुळात ज्या बहुश्रुतपणाची थट्टा झाली, त्याच्याशिवाय पृथ्वी मोजलीच गेली नसती. इजिप्तच्या दक्षिणेला सायीन, म्हणजे आजचे अस्वान. उत्तरायण संपते त्या दिवशी माध्यान्ही तिथे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही, हे ठाऊक होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली पडते. वाडग्याच्या आकाराच्या सावलीयंत्रात मधोमध उभ्या काट्याची ती सावली पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे ७ अंश १२ कला भरली. सूर्य फार दूर असल्याने त्याचे किरण समांतर धरता येतात. म्हणून हाच कोन पृथ्वीच्या केंद्राशी या दोन गावांमध्ये होतो. दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडियन हे ग्रीकांचे अंतराचे माप), तर पूर्ण परीघ त्याच्या पन्नासपट: अडीच लाख स्टेडिया. यात सूर्याचे भ्रमण खगोलातले, समांतर रेषांचा नियम भूमितीतला, गावांमधले अंतर भूगोलातले. एकाच विषयात मुरलेल्या पंडिताच्या हातात यातला एकच धागा आला असता.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे, म्हणून तो अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. अस्वान कर्कवृत्तावर नाही, तेव्हाच्या कर्कवृत्तापासून सुमारे ४० किलोमीटर उत्तरेला आहे; अलेक्झांड्रिया त्याच्या थेट उत्तरेला नाही, सुमारे तीन अंश पश्चिमेला आहे; अंतराचा आकडा गोळाबेरजेचा आहे. तेव्हा कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे ते म्हणतात. यातला प्रत्येक दोष खरा आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. माध्यान्हीची सावली रेखांशावर नव्हे, अक्षांशावर ठरते, म्हणून पश्चिमेच्या तीन अंशांनी कोन बिघडत नाही. दोन्ही गावांच्या अक्षांशांतला फरक आज मोजला तर सुमारे ७ अंश ७ कला भरतो. चूक पाच कलांची! हा योगायोग नव्हे.

पण त्याच्या भक्तांनाही इथे थांबवले पाहिजे. त्याचे उत्तर एका टक्क्याच्या आत बरोबर होते, असे ते ठासून सांगतात. त्यासाठी एक स्टेडियन १५७.५ मीटरचे धरावे लागते. तेच १८५ मीटरचे धरले, तर त्याने नंतर सुधारलेला २,५२,००० स्टेडियाचा परीघ ४६,६२० किलोमीटर होतो. खरा सुमारे ४०,००० आहे. सोयीचे माप निवडून थोर माणसाला आणखी थोर करण्याची गरज नाही. त्याचे थोरपण पद्धतीत आहे. कोणते गाव, कोणता दिवस, किती कोन, किती अंतर, हे सगळे त्याने उघड मांडले. त्यात अधिक चांगला आकडा घाला, अधिक चांगले उत्तर मिळेल. चूक सुधारता येते, असे ज्ञान त्याने दिले.

तिसऱ्या आक्षेपाला थोडक्यात उत्तर पुरे. कोलंबसापर्यंत जग पृथ्वी सपाट मानत होते, म्हणजे एराटोस्थेनिसचे काम वाया गेले, ही दंतकथा आहे. कोलंबसाला विरोध करणारे विद्वान पृथ्वी गोलच मानत होते. त्याने ती फार लहान धरली आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. मध्ये अमेरिका आडवी आली नसती, तर आशिया गाठण्याआधीच त्याचे खलाशी उपाशी मेले असते.

आणि उपयोगच पाहायचा तर महाराष्ट्रात पाहा. विल्यम लॅम्बटनने १८०२मध्ये मद्रासहून भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले आणि पुढे दक्षिणोत्तर कंस मोजत तो उत्तरेकडे सरकला. साधने नवी होती, पण तत्त्व तेच होते: दोन ठिकाणांतला कोन आकाशावरून काढायचा, अंतर जमिनीवर मोजायचे. हे काम चालू असतानाच १८२३मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा अंत झाला.

शिक्षकांना माझे आवाहन आहे. महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो. जुलै-ऑगस्टमधला ढगांत हरवतो, मे महिन्यातला स्वच्छ दिसतो. कोल्हापूर आणि धुळे जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत. कोल्हापुरात सावली नाहीशी होईल, त्या दिवशी माध्यान्ही धुळ्यात एक मीटरची काठी उभी करा. सुमारे सात सेंटिमीटर सावली पडेल. दोन शाळांनी फोनवर बोलून ती मोजावी आणि मुलांनी स्वतःच्या हाताने पृथ्वीचा परीघ काढावा. एराटोस्थेनिसचे नाव पाठ करून घेण्यापेक्षा हे शंभर पटींनी मोलाचे आहे.